निजामाने गाडीत सिंहासन बसवून घेतलं, पण त्यावर बसायला तो उरलाच नाही

हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये एक पिवळी धमक गाडी उभी आहे. पर्यटक येतात, तिच्यासमोर सेल्फी काढतात आणि पुढच्या दालनात निघून जातात. ही रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट १९१२ सालची आहे. पण थोडं थांबून आत डोकावलं की वेगळाच प्रकार दिसतो. मागच्या बाजूला नेहमीच्या सीटच्या जागी एक उंच बैठक आहे. गाडीत बसलेल्या बाकी सगळ्यांपेक्षा एक माणूस वर दिसावा, अशी ती बांधलेली आहे. थोडक्यात काय, तर चाकांवरचं सिंहासन.

आणि ज्याने हे सिंहासन बनवून घेतलं, तो त्यावर एकदाही बसला नाही. गाडी हैदराबादला पोचायच्या आधीच तो वारला.

त्याचं नाव मीर महबूब अली खान. हैदराबादचा सहावा निजाम.

आज परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात असलेलं ताडकळस, तिथून पुढे नांदेड, बीड, जालना, औरंगाबाद, उस्मानाबाद हा सगळा मुलूख या माणसाच्या राज्यात होता. मराठवाड्यात निजाम म्हटलं की लोकांना सातवा आठवतो. उस्मान अली, रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन, १७ सप्टेंबर १९४८. सहावा मात्र या सगळ्यात मागे पडतो. त्याची गोष्ट त्या गाडीच्या बैठकीपासून सुरू केली तर नीट कळते, कारण या माणसाचं अख्खं आयुष्यच कुणीतरी तयार करून ठेवलेल्या बैठकांवर गेलं.

पहिली बैठक मिळाली तेव्हा तो अडीच वर्षांचा होता.

जन्म ऑगस्ट १८६६ चा. फेब्रुवारी १८६९ मध्ये त्याचे वडील, पाचवे निजाम अफजल उद्दौला गेले. मागे हे एवढंसं पोर. ज्याला धड बोलता येत नाही त्याला गादीवर बसवलं गेलं. मराठीत राज्यालाही गादी म्हणतात आणि बसायच्या कापसाच्या गादीलाही. अडीच वर्षांच्या मुलाला या दोन्हींतली फक्त दुसरी कळत असणार.

कारभार बघायला दोन माणसं होती. एक अमीर-ए-कबीर, आणि दुसरा खरा कर्ताधर्ता दिवाण, सालारजंग पहिला. सालारजंगने त्याआधीच राज्याची घडी बसवायला घेतली होती. जुनी महसूल मक्त्याने देण्याची पद्धत मोडून १८६५ पासून त्याने जिल्हाबंदी केली. आज आपण ज्याला जिल्हा, तालुका, तहसील म्हणतो त्या मांडणीचा मराठवाड्यातला पाया तिथला आहे. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली, तीही त्याच्याच काळात. महबूब अली मात्र तोपर्यंत आठ वर्षांचा होता आणि शिकत होता. इंग्रजी पद्धतीचं शिक्षण घेणारा हा पहिला निजाम. त्यासाठी कॅप्टन जॉन क्लार्क नावाचा इंग्रज शिक्षक ठेवला होता. १८७७ च्या दिल्ली दरबाराला तो गेला तेव्हा दहा वर्षांचा होता. तिथेही बसायची जागा, तिची उंची, कोण कुणाच्या उजवीकडे, हे सगळं इंग्रजांनी ठरवलेलं होतं. संस्थानिकांच्या जगात कोण किती उंचीवर बसतो ही फार गंभीर गोष्ट होती. हे लक्षात ठेवा, गाडीच्या वेळी कामाला येईल.

१८८३ मध्ये सालारजंग कॉलऱ्याने गेला. पुढच्याच वर्षी, ५ फेब्रुवारी १८८४ ला, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन हैदराबादला आला आणि अठराव्या वर्षात असलेल्या महबूब अलीकडे रीतसर कारभार सोपवला.

इथून पुढचा महबूब अली म्हणजे किश्श्यांचं गाठोडं आहे.

त्याला कपड्यांचा नाद होता. एकदा घातलेला कपडा तो पुन्हा घालत नसे, असं हैदराबादेत आजही सांगतात. ते शंभर टक्के खरं असो वा नसो, त्याचं कपाट मात्र खरं आहे. पुराणी हवेलीत ते अजूनही बघायला मिळतं. बर्मा सागवानाचं, दोन मजली, एका लांबच लांब दालनाच्या दोन्ही अंगांना पसरलेलं. वरच्या मजल्यावरचे कपडे काढायला हाताने ओढायची लाकडी लिफ्ट आहे. सव्वाशे वर्षांत हे सागवान जवळपास जसंच्या तसं राहिलं. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. गाडीच्या बैठकीचं लाकूड या बाबतीत इतकं नशीबवान नव्हतं, ते पुढे येईलच.

शिकारीचाही नाद. तीस मार खाँ हे नाव त्याच्यावरूनच पडलं असं हैदराबादी लोक छातीठोकपणे सांगतात. साप चावलेल्या माणसाने महबूब पाशाचं नाव घेतलं तर विष उतरतं, अशीही एक समजूत होती. कोणत्याही वेळी कुणीही सर्पदंश झालेला आला तर मला उठवा, असा त्याचा हुकूम होता म्हणतात. राजाबद्दल अशा गोष्टी उगाच पसरत नाहीत. लोकांना तो आपला वाटत होता, एवढं तरी त्यातून कळतं. रात्री वेश बदलून शहरात फिरण्याच्या गोष्टीही त्याच्याच नावावर आहेत.

आणि मग तो हिरा.

१८९१ मध्ये सिमल्याचा अलेक्झांडर जेकब नावाचा रत्नांचा व्यापारी हैदराबादला आला. त्याच्याकडे जवळपास १८५ कॅरेटच्या एका हिऱ्याची ऑफर होती. सौदा ठरला, अनामत म्हणून २३ लाख रुपये दिले गेले, आणि प्रत्यक्ष हिरा बघितल्यावर निजामाचं मन फिरलं. पैसे परत मागितले तर जेकब देईना. प्रकरण कलकत्त्याच्या कोर्टात गेलं. एका सार्वभौम म्हणवणाऱ्या राजाला आयोगासमोर साक्ष द्यावी लागली, हे त्याला भयंकर लागलं. शेवटी तडजोड होऊन हिरा त्याच्याकडेच राहिला. पण त्याने तो अपशकुनी ठरवून टाकला. पुढे त्याच्या मुलाला हा हिरा बापाच्या एका जुन्या जोड्याच्या टोकात सापडला, आणि मुलाने तो पेपरवेट म्हणून वापरला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. तोच हा जेकब डायमंड. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे दागिने २१८ कोटींना विकत घेतले त्यात तोही आला.

म्हणजे एक वस्तू हौसेने मागवायची आणि ती हातात येईपर्यंत काहीतरी बिनसायचं, हे त्याच्या बाबतीत गाडीच्या आधीही झालेलं होतं.

पण नुसत्या हौशीच सांगितल्या तर गोष्ट अर्धीच राहील. कारण या हौशींचा खर्च जिथून यायचा, ते ताडकळससारख्या गावांतून. काळी जमीन, कापूस, ज्वारी, आणि पाऊस आला तर आला. सारा भरायचा तो हाली सिक्क्यात, म्हणजे हैदराबादच्या स्वतःच्या रुपयात. महबूब अलीच्याच काळात त्या रुपयावर चारमिनार आला. सरकारी कामकाजाची भाषा फारसी होती ती त्याच्या काळात उर्दू झाली. दरबाराच्या दृष्टीने ती सुधारणा होती. पण ज्या शेतकऱ्याला मराठीशिवाय काही येत नव्हतं, त्याच्या जमिनीचा कागद आधीही परका होता आणि नंतरही परकाच राहिला.

१८९९-१९०० चा दुष्काळ मराठवाड्यावर आला तो भयानक होता. १८९१ आणि १९०१ ची जनगणना शेजारी ठेवली तर परभणी जिल्ह्यात माणसं वाढलेली नाहीत, घटलेली आहेत. दहा वर्षांत एका जिल्ह्याची लोकसंख्या खाली येते याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायची गरज नाही.

त्याच सुमाराला एक गोष्ट मात्र अशी झाली जिने या भागाचं चित्र कायमचं बदललं. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. सिकंदराबादहून नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडपर्यंत जाणारी मीटर गेज लाईन १९०० च्या आसपास सुरू झाली. पूर्णा स्टेशनवरून गाडी पकडणारा माणूस आजही मूळ त्याच मार्गावरून जातो, फक्त आता रूळ रुंद झालेत. कापूस बाहेर जाऊ लागला, आणि दुष्काळात धान्य आत येण्याची सोय झाली. सहाव्या निजामाच्या काळातली परभणीकराच्या रोजच्या उपयोगाची एकच गोष्ट निवडायची तर ती ही लाईन.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने त्याच्याकडून वऱ्हाड कायमचं भाड्याने घेतलं, वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर. वऱ्हाड परत मिळावं हे सालारजंगचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. ते असं निकालात निघालं. बसायची जागा कितीही उंच असली तरी इंग्रज समोर असला की ती उंची किती खरी, हे महबूब अलीला तेव्हा नीट कळलं असणार.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला. हैदराबाद शहराच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा तडाखा. १५ हजारांच्या आसपास माणसं गेल्याचं सांगितलं जातं. निजामाने आपल्या महालांचे दरवाजे पूरग्रस्तांसाठी उघडले आणि त्यांच्या जेवणाची सोय केली. पुढच्याच वर्षी विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आलं. पुन्हा असा पूर येऊ नये म्हणून मुसीवर धरण बांधायची योजना त्यातून निघाली, आणि उस्मान सागर तलाव झाला. तो पूर्ण व्हायला १९२० उजाडलं.

याच १९०८ मध्ये इकडे मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक चाचणी झाली. घाट चढून-उतरून कुठली गाडी टिकते, हे बघायची. त्यात रोल्स रॉईसची एक सिल्व्हर घोस्ट जिंकली. पर्ल ऑफ द ईस्ट असं तिचं नाव ठेवलं होतं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती लगेच विकत घेतली. सह्याद्रीच्या घाटात पास झालेली गाडी म्हटल्यावर संस्थानिकांमध्ये तिचा बोलबाला झाला. या गाडीचं आणखी एक वैशिष्ट्य होतं. वरच्या गिअरमध्ये ठेवूनही ती माणसाच्या चालीने, झटके न देता चालू शकायची. मिरवणुकीला असंच वाहन लागतं. हत्ती डुलतो आणि घोडा बिथरतो, पण ही गाडी संथ पाण्यासारखी जायची.

१९११ मध्ये महबूब अलीने ऑर्डर दिली.

आता त्या काळी गाडी घेणं म्हणजे शोरूममध्ये जाऊन चावी घेणं नव्हतं. रोल्स रॉईस फक्त सांगाडा द्यायची, म्हणजे इंजिन, चाकं, स्टिअरिंग. वरची बॉडी दुसराच कारागीर बांधायचा. निजामाच्या गाडीची बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीने केली. बार्करवाले मूळचे घोड्यांच्या बग्ग्या बनवणारे, १७१० पासूनचे. म्हणजे मोटार येण्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं ते लाकूडकाम करत होते. मोटार आल्यावर त्यांनी घोडे काढले, एवढाच काय तो बदल. बाकी रंधा, पटाशी, सरस तेच.

गाडीला रंग दिला पिवळा, कारण आसफजाही निशाणाचा रंग पिवळा. छत घुमटाकार. आत किनखापाचं काम. आणि मध्ये ती उंच बैठक.

अशी बैठक बांधायची कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण बाहेरून दिसतं ते रेशीम, पण भार सगळा आतल्या लाकडावर असतो. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांमध्ये सांगाड्यासाठी बहुतेक वेळा अ‍ॅश नावाचं लाकूड वापरत. त्याचे धागे लांब आणि सरळ असतात, ते वाकतं पण पटकन मोडत नाही. कुदळी-फावड्याचे दांडे, हॉकी स्टिक त्याच्याच बनायच्या. आपल्याकडे ताडकळसच्या सुताराने बैलगाडीच्या चाकाला बाभूळ का वापरली, त्याचं उत्तरही याच जातीचं आहे. दगडावर आदळलं तरी आतल्या आत धक्का जिरवायचा आणि सांधा सोडायचा नाही. सागवान दिसायला कितीही देखणं असलं तरी चाकाला गावचा सुतार बाभळीकडेच जायचा.

या लाकडाची चौकट खाच आणि कुसू करून जोडायची. एका तुकड्याला कुसू ठेवायचं, दुसऱ्याला तेवढ्याच मापाची खाच, आणि मध्ये गरम सरस. हा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. चौकटीवर आडव्या-उभ्या पट्ट्या ताणायच्या, आपल्या नवारीच्या खाटेसारख्या. त्यावर स्प्रिंगा बांधायच्या. स्प्रिंगांवर घोड्याचे केस भरायचे, कारण ते दबले तरी पुन्हा उसळतात. सगळ्यात वर कातडं किंवा कापड, आणि ते चौकटीच्या कडेला बारीक चुका मारून पक्कं करायचं.

साधी सीट असेल तर चौकट गाडीच्या तळाला टेकलेली असते. सिंहासन मात्र उंच. बसणारा माणूस जितका वर, तितका गाडी वळताना खालच्या सांध्यांवर जोर जास्त. शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून बाजूला झुकलं तर खालची शिडी कशी हलते, तसंच. अशा बैठकीची चौकट रोजच्या सीटपेक्षा दणकटच लागते, आणि सांधे सैल झाले तर तीच सगळ्यात आधी कुरकुरते.

तिकडे हे सगळं घडत असताना इकडे २९ ऑगस्ट १९११ ला महबूब अली फलकनुमा पॅलेसमध्ये थोड्याशा आजारपणानंतर गेला. वय ४५. हा फलकनुमाही मूळचा त्याचा नव्हे. त्याचा मेहुणा आणि एके काळचा दिवाण विकार उल उमरा याने तो बांधला आणि नंतर निजामाने घेतला. तिथल्या जेवणाच्या टेबलाभोवती १०१ खुर्च्या आहेत. एवढ्या खुर्च्यांच्या महालात राहणाऱ्या माणसाला स्वतः सांगून करून घेतलेल्या एका बैठकीवर बसायला सहा-आठ महिने कमी पडले.

त्याच डिसेंबरमध्ये दिल्लीला पंचम जॉर्जचा दरबार भरला. हैदराबादतर्फे तिथे गेला तो नवा निजाम, महबूबचा पंचवीस वर्षांचा मुलगा उस्मान अली. आणि लंडनहून पिवळी गाडी आली तीही त्याच्याच हाती.

बाप जेवढा उधळ्या, मुलगा तेवढाच चिकट. उस्मान अली पुढे जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून टाईम मासिकाच्या कव्हरवर झळकला, फेब्रुवारी १९३७ मध्ये. पण विटलेले कपडे घालायचा आणि फिरायला जुनी साधी मोटार वापरायचा. बापाची सिंहासनवाली गाडी त्याने समारंभापुरती ठेवली. १९४७ च्या सुमारास, म्हणजे पस्तीसेक वर्षांत, ती चालली होती फक्त ३५६ मैल. म्हणजे साधारण ५७३ किलोमीटर. समृद्धी महामार्गाने मुंबईहून निघालात तर एवढ्या अंतरात नागपूरसुद्धा येत नाही.

लोकांना वाटतं, कमी चाललेली गाडी म्हणजे नव्यासारखी गाडी. इंजिनाच्या बाबतीत ते थोडंफार खरं असेल. लाकडाच्या बाबतीत उलट असतं.

हैदराबाद काय किंवा परभणी काय, मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसतं. जुलैत तेच लाकूड दमट हवेने फुगतं. वर्षातून एकदा हे होतंच होतं. मागची पंचवीस-तीस वर्षं गाडी जागेवरून हलली नसेल तरी तिच्या सीटच्या आतली चौकट पंचवीस-तीस वेळा आत-बाहेर झालेली असते. विलायतेतल्या थंड हवेत बेतलेला कुसू मराठवाडा-तेलंगणाच्या उन्हात खाचेत सैल पडतो. सरस दमटपणाने मऊ होतो, मग वाळून त्याची भुकटी होते. लोखंडी स्क्रूला गंज चढतो आणि भोवतीचं लाकूड काळं पडून कुजतं. अ‍ॅशला सागासारखं तेल नाही, त्यामुळे किडे आत शिरतात. गाडी रोज वापरात असेल तर कुणीतरी झाडतं, कुरकुर ऐकतं, सुताराला बोलावतं. उभ्या गाडीचा आवाजच येत नाही. वरचं कापड शाबूत, खाली पिवळट भुगा. अशा वेळी कुणी त्यावर बसला तर कळतं.

जुन्या गाडीच्या सीटची चौकट दुरुस्त करणारा कारागीर म्हणूनच आधी काहीच ठोकत नाही. तो एकेक चूक काढतो. जुन्या कापडाचे, नवारीचे तुकडे जपून ठेवतो, कारण नव्याचं माप त्यावरूनच घ्यायचं असतं. चौकट उघडी पडली की एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजतो. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. फरक आला तर सांधा सुटलाय. मग टोकदार आर घेऊन लाकूड टोचत जातो. आर अडली तर लाकूड जिवंत, लोण्यासारखी आत गेली तर तेवढा भाग गेला.

गेलेला भाग काढायचा, पण अख्खी पट्टी फेकायची नाही. चांगल्या लाकडाला लांब तिरका काप द्यायचा आणि त्याच जातीच्या नव्या तुकड्याला तसाच काप देऊन दोन्ही चिकटवायचे. हा काप लाकडाच्या जाडीच्या आठ ते बारा पट लांब ठेवतात. सरळ कापून टोकाला टोक लावलं तर पहिल्या खड्ड्यात तुटेल. नव्या तुकड्याचे धागेही जुन्याच दिशेने जायला हवेत.

सगळ्यात चिवट दुखणं असतं चौकटीच्या कडेचं. दर वेळी नवीन कापड लावलं की नव्या चुका, नवी भोकं. चार वेळा कापड बदललं की ती कड बिस्किटासारखी चुरायला लागते, चूक धरतच नाही. तिथे भोकांत सरस लावलेल्या बारीक काड्या ठोकून कड पुन्हा भरून काढावी लागते, नाहीतर कडेपुरती पट्टी नवी बसवावी लागते.

भारतातल्या जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत एक वाद हमखास निघतो. अ‍ॅश इथे सहज मिळत नाही, मग सागवान वापरायचं का? सागवान टिकेल, कीड लागणार नाही. पण ते तेलकट असल्यामुळे चिकटवताना जास्त काळजी घ्यावी लागते, आणि मूळ गाडीत ते नव्हतंच. ज्याला गाडी चालवायची आहे तो सागवान म्हणेल, ज्याला गाडी जशी होती तशी राखायची आहे तो अ‍ॅशसाठी अडून बसेल. म्युझियममधल्या सिंहासनाच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकणं बरं, कारण तिथे कुणी बसणार नसतो.

निजामाच्या घराण्याने हा सगळा धडा महागात शिकला. २४ फेब्रुवारी १९६७ ला उस्मान अली गेला आणि वारसा आला नातू मुकर्रम जाहकडे. त्याला वारशात मिळाले चौदा हजारांहून जास्त नोकर-आश्रित, पडके महाल, आणि गॅरेजभर गाड्या. त्यातल्या मोजक्याच चालू स्थितीत होत्या, पेट्रोलची आणि सुट्या भागांची बिलं मात्र सगळ्यांच्या नावावर निघत. योगायोग असा की या मुकर्रम जाहला स्वतःला इंजिनांचं वेड होतं. हात काळे करून मशीन उघडणं त्याला दरबारापेक्षा जास्त आवडायचं. पण कोर्टकचेऱ्या आणि कर्जांना कंटाळून तो ऑस्ट्रेलियात मेंढपाळीच्या रानात जाऊन राहिला, तिथे बुलडोझर चालवत. हैदराबादचे महाल तसेच पडून राहिले. चौमहल्ला तर इतका मोडकळीला आला होता की आत जायची सोय नव्हती.

त्याची पूर्वीची पत्नी राजकुमारी एसरा परत आली तेव्हा कामाला सुरुवात झाली. कागदपत्रं, फर्निचर, झुंबरं, कपडे असं एकेक बाहेर काढून, साफ करून, नोंदवून चौमहल्ला दुरुस्त झाला आणि लोकांसाठी उघडला. २०१० मध्ये युनेस्कोने त्या कामाची दखल घेऊन पुरस्कार दिला.

पिवळी सिल्व्हर घोस्ट आज तिथेच आहे. परभणी, पूर्णा, नांदेडहून हैदराबादला दवाखान्याच्या नाहीतर लग्नाच्या खरेदीच्या कामाने गेलेली माणसं चारमिनार बघून झाला की चालत चालत चौमहल्ल्यात येतात. बऱ्याचदा ती आलेली असतात त्याच जुन्या गोदावरी व्हॅलीच्या रुळांवरून. तिथे काही मिनिटं ती गाडी बघतात. लहान पोरं आत बोट दाखवून विचारतात, एवढ्या उंचावर कोण बसायचं.